रशियात "हेल्पर"ची नोकरी आलीये? सही करायच्या आधी हे तपासा

इंदूरच्या भंवरकुआंवर कोचिंगच्या बोर्डांमध्ये आता अब्रॉडचे बोर्ड पण घुसलेत, एमबीबीएस अब्रॉड, जॉब अब्रॉड, वर्क परमिट गॅरंटीड. त्यातले सगळे काही फसवे नसतात, बरेचसे खरंच पोरांना शिकायला पाठवतात. पण माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं कियोस्क आहे, अग्निवीरचे फॉर्म, पासपोर्टची अपॉइंटमेंट, मार्कशीटचं स्कॅनिंग सगळं इथेच होतं, त्यामुळे कोण कुठे चाललंय ते कधी कधी मला घरच्यांच्या आधी कळतं, आणि रशियाच्या नोकरीचे मेसेज पोरं माझ्यासमोर धरून विचारतात, दादा हे खरं का. एका मेसेजवरून खरं-खोटं सांगता येत नाही, पण तपासायचं कसं ते सांगता येतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांब आहे, पण तीन लाख कोणाच्या हातात ठेवायच्या आधी एवढं वाचून घ्या.

हेल्परची नोकरी सांगून नेतात, तिथे रशियन सैन्याच्या करारावर सही करून घेतात आणि युक्रेनच्या लढाईवर पाठवतात, फसवणूक ही आहे. एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, बाकी सगळं तिच्यावर आहे. सैन्याच्या करारावर सही होईपर्यंत बहुतेक वेळा फक्त पैसे बुडतात, तुम्ही एअरपोर्टवरून परत फिरू शकता, मॉस्कोत उतरून परत फिरू शकता. सही झाली की मामला तुमच्या आणि एजंटमधला राहत नाही, दोन सरकारांमधला होतो, आणि तिथे आपल्या घाईला कोणी विचारत नाही. म्हणून सगळा जोर सहीच्या आधी लावायचा.

त्यांना इंदूरचा पोरगा कशाला हवाय

हे समजलं की अर्धी फसवणूक आपोआप दिसायला लागते. रशियाने 21 सप्टेंबर 2022 ला आंशिक मोबिलायझेशन जाहीर केलं, म्हणजे 3 लाख राखीव माणसं सक्तीने बोलवायचं ठरवलं, आणि झालं काय की लाखो लोक बॉर्डर ओलांडून कझाकस्तान, जॉर्जियाकडे निघून गेले. तेव्हापासून तिथलं सरकार सक्तीची दुसरी लाट टाळतंय आणि पैशाच्या जोरावर माणसं गोळा करतंय. 18 ते 30 वयाच्या रशियन मुलांची एक वर्षाची सक्तीची भरती असते ती वेगळी, त्या मुलांना युक्रेनच्या लढाईवर पाठवत नाही असं सरकार म्हणतं, लढाईवर मुख्यतः जातो तो करारावरचा सैनिक. त्यामुळे कराराचा भाव वाढत गेला. ऑगस्ट 2024 पासून केंद्राकडून नुसत्या सहीचे एकरकमी 4 लाख रूबल झाले, मॉस्को शहराने जुलै 2024 मध्ये आपल्याकडून 19 लाख रूबल जाहीर केले (रूबल आणि रुपया साधारण आसपासच आहेत), आणि काही प्रांतांत तर माणूस आणून देणाऱ्यालासुद्धा बक्षीस मिळतं.

आता हिशोब तुम्हीच करा. एजंट तुमच्याकडून घेतो ते एका खिशात, आणि तुमची सही झाली की तिकडे कोणाच्या तरी दुसऱ्या खिशात. ज्या नोकरीत माणूस नुसता पोचवल्याचे पैसे मिळतात ती हेल्परची नोकरी नसते हो.

आणि जे गेले त्यांना कोणी सैनिक म्हणून नेलंच नव्हतं. हेल्पर, सिक्युरिटी गार्ड, स्वयंपाकी, गोदामातलं काम, पगार दीड-दोन लाख, फ्रंटपासून लांब, वर रशियन पासपोर्ट मिळेल, जाहिरात यूट्यूबवर, काही जण दुबईमार्गे गेले, रशियात थोड्या दिवसांचं हत्यारांचं ट्रेनिंग झालं आणि थेट युक्रेन. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरतचा 23 वर्षांचा मुलगा असाच ड्रोन हल्ल्यात गेला. मार्चमध्ये सीबीआयने सात शहरांत धाडी टाकल्या. 17 जानेवारी 2025 ला परराष्ट्र मंत्रालयाने जे आकडे दिले ते असे, माहितीतले 126 भारतीय, त्यातले 96 परत आले, 12 मेले, 16 बेपत्ता.

कोणी म्हणेल ते आता बंद झालंय. रशियाच्या दिल्लीतल्या दूतावासाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं होतंच की एप्रिलपासून भारतीयांना सैन्यात घेणं थांबवलंय, आणि तरीही सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या मंत्रालयाला परत जाहीर सांगावं लागलं की रशियन सैन्याच्या ऑफरपासून लांब राहा. तर "बंद झालंय" हे वाक्य एजंटच्या तोंडून ऐकाल तेव्हा ही तारीख आठवा.

"एकाच वर्षाचा तर करार आहे"

या वाक्यावर सगळ्यात जास्त पोरं फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. परदेशी माणसाला एक वर्षाचा करार देतात हे खरं आहे, कागदावर एक वर्षच लिहिलेलं असतं. पण 2022 च्या मोबिलायझेशनच्या त्याच फर्मानात असं आहे की आंशिक मोबिलायझेशनचा काळ संपेपर्यंत सैनिकांचे करार चालूच राहतील, आणि सुटायची कारणं तीनच, वयाची मर्यादा, तब्येतीने अपात्र ठरणं किंवा कोर्टाची शिक्षा. तो काळ संपल्याचं फर्मान काही निघालेलं नाही. स्वतः रशियाचेच करारावरचे सैनिक मुदत उलटून गेली तरी तिथेच आहेत, 2022 मध्ये सक्तीने बोलवलेल्या राखीव माणसांच्या बायका त्यांना घरी यायला द्या म्हणून मॉस्कोत रस्त्यावर उभ्या राहिल्यात, मग आपल्या सुदामा नगरच्या पोराला बरोबर बाराव्या महिन्यात कोण सोडणार. जे भारतीय परत आले ते सरकारने सरकारशी बोलून आले, जुलै 2024 मध्ये पंतप्रधान मॉस्कोला गेले तेव्हा हा विषय थेट पुतिन यांच्यापर्यंत गेला होता, इतकं वर जावं लागलं.

पळून जाऊ असं कोणी म्हणत असेल तर सप्टेंबर 2022 मध्येच तिथला कायदा कडक केलाय, मोबिलायझेशनच्या काळात सैन्यातून पळाल्याला 15 वर्षांपर्यंत कैद.

पासपोर्टचं आमिष पण नीट समजून घ्या. सैन्यात करार करणाऱ्या परदेशी माणसाला आणि त्याच्या बायकोमुलांना, आईवडिलांना झटपट नागरिकत्व मिळेल असं 4 जानेवारी 2024 चं फर्मान खरंच आहे, एजंट खोटं बोलत नाही, फक्त अर्धंच बोलतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं गेलं. मग तुमच्यासाठी भारतीय दूतावास भांडणार कोणत्या नात्याने? ज्या एका दोरीला धरून परत यायचं तीच कापून हातात दिली जाते, आणि वर पेढे वाटतात.

घरी बसून काय तपासायचं

पहिलं काम, emigrate ची सरकारी वेबसाइट उघडा, ई-मायग्रेट म्हणतात तिला, शेवटी गव्ह डॉट इन आहे हे बघून घ्या. नोकरीसाठी परदेशात माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, त्या वेबसाइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, लायसन्स चालू आहे का संपलंय ते दिसतं, आणि बेकायदेशीर एजंटांची वेगळी यादी पण आहे. बोर्डावर लायसन्स नंबर आहे म्हणून खूश होऊ नका, तो नंबर टाकून बघा, नाव जुळतं का, पत्ता जुळतो का. पुष्कळदा काय होतं, लायसन्स मुंबई-दिल्लीच्या कोणाचं तरी आणि इंदूरात बसलेला भिया म्हणतो मी त्यांचाच माणूस. सब-एजंट चालत नाही, सरळ मूळ ऑफिसला त्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन लावा, भियाने दिलेल्या नंबरवर नाही.

दुसरं, पैसे. नोंदणीकृत एजंट सर्व्हिस चार्ज म्हणून 30,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी एवढंच घेऊ शकतो, म्हणजे 35,400. पावतीसकट. तीन लाख, तेही रोख, तेही "ऑफिसच्या खाली या", तर तिथेच समजून जायचं. काकूंनी मंगळसूत्र गहाण टाकायच्या आधी एवढा एक आकडा पाठ करावा, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

तिसरं, व्हिसा कशाचा आहे. नोकरीला चाललाय आणि व्हिसा टुरिस्ट, किंवा नोकरीला चाललाय आणि व्हिसा स्टुडंटचा, "तिथे गेल्यावर कन्व्हर्ट करू". यावर चर्चाच करायची नाही. रशियन व्हिसावर येण्याचं कारण छापलेलं असतं, आपल्याला वाचता येत नसेल तर फोनच्या ट्रान्सलेटचा कॅमेरा धरा, दोन सेकंदांत कळतं.

चौथं, कंपनी. नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव, शहर, काम, पगार, राहायची सोय, मुदत हे सगळं लिहिलेला करार भारतात असतानाच तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत हातात पाहिजे. "करार तिथे गेल्यावर होईल" म्हणजे करार कोणाशी होईल ते आत्ता सांगायचं नाहीये.

कोणी म्हणेल लढाई चालू असलेल्या देशात जायचंच नाही का, तर तसंही नाही. इस्राएलला आपले बांधकाम कामगार लढाई चालू असतानाच गेले, पण कसे गेले बघा, नोव्हेंबर 2023 मध्ये दोन सरकारांचा करार झाला, सरकारच्या एनएसडीसीमार्फत, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत, भरती झाली, जानेवारी 2024 मध्ये रोहतक आणि लखनौला सगळ्यांसमोर चाचण्या झाल्या, सेंटरिंग, लोखंड बांधणी, टाइल्स, प्लास्टर असं काम ठरलेलं होतं आणि पगार सव्वा लाखाच्या वर जाहीर होता. धोका होताच, माझा स्वतःचा पोरगा असता तर मी पाठवलं नसतं, पण तो धोका काय आहे ते जाणाऱ्याला माहीत होतं. नेपाळने तर जानेवारी 2024 मध्ये आपल्या लोकांना रशिया आणि युक्रेन दोन्हीकडे नोकरीला जायचे परमिटच बंद केले.

थोडं अग्निवीरवाल्या पोरांबद्दल. महूच्या भरतीच्या नावाने रोज पहाटे पळणारी, 1600 मीटर पाच मिनिटं तीस सेकंदांत काढायची म्हणून दोन-दोन वर्षं घासणारी पोरं असतात, वयाची मर्यादा उलटली की दार बंद, आणि एजंटला हीच पोरं आवडतात कारण फिटनेस आहे आणि वर्दीची ओढ पण आहे. कोइंबतूरचा एक मुलगा खारकीवला एअरोस्पेस शिकत होता, आपल्या सैन्यात उंचीमुळे घेतलं नाही असं तेव्हा पेपरात आलं होतं, तो 2022 मध्ये युक्रेनकडून लढायला उभा राहिला. म्हणजे दोन्ही बाजूंना हे होतं. वर्दी घालायचीच असेल तर सीएपीएफ म्हणजे केंद्राची सशस्त्र पोलीस दलं आहेत, एमपी पोलीस आहे, होमगार्ड आहे, भिया फॉर्म मी भरून देतो, चहा पण पाजतो.

तिथे उतरल्यावर

पासपोर्ट कोणाकडे द्यायचा नाही. रजिस्ट्रेशनसाठी होस्टेल किंवा हॉटेलवाला घेतो तो थोड्या वेळात परत मिळायला हवा. 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंट तो "सेफ" ठेवायला मागत असेल तर त्याचा अर्थ तुम्ही पळू नये एवढाच. सगळ्या पानांचे फोटो घरी, मेलवर आणि एका मित्राकडे ठेवा. मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये पण पाहिजे आणि कागदावर पण, कारण फोन पहिला काढून घेतात.

रशियन भाषा ट्रान्सलेट ॲपमध्ये इंदूरहून निघतानाच ऑफलाइन डाउनलोड करून घ्या. सही मागतील त्या प्रत्येक पानाचा फोटो, मग कॅमेऱ्याने भाषांतर, मगच पेन. कानावर पडायचे तीन-चार शब्द सांगतो, कॉन्त्राक्त म्हणजे करार, व्होयेन्नाया स्लुझ्बा म्हणजे सैन्यातली सेवा, मिनिस्तेर्स्त्वो ओबोरोनी म्हणजे संरक्षण मंत्रालय, व्होयेनकोमात म्हणजे भरतीचं ऑफिस. यातला एकही शब्द बोलण्यात किंवा कागदावर आला तर सही नाही. पोट दुखतंय म्हणा, चष्मा विसरलो म्हणा, रडा, काहीही करा, पेन हातात घेऊ नका.

आता दबाव कसा येतो ते. मार्च 2024 मध्ये पंजाब-हरियाणाच्या सात पोरांचा व्हिडिओ फिरला होता, ते फिरायला म्हणून रशियाला गेले, एजंटने बेलारूसला नेलं, बेलारूसचा व्हिसा लागतो हे त्यांना सांगितलंच नाही, तिथे सोडून दिलं, पकडले गेले आणि मग सांगण्यात आलं की दहा वर्षं जेल किंवा ही सही. दुसरी गोष्ट आपल्या शेजारची, गुजरातेतल्या मोरबीचा मुलगा स्टुडंट व्हिसावर गेला, ड्रग्सच्या केसमध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, जेल टाळायला त्याने सैन्याचा करार केला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये युक्रेनच्या ताब्यात असल्याचा त्याचा व्हिडिओ आला. एमबीबीएसला गेलेल्या पोरांनी हे नीट वाचा. व्हिसाची तारीख आणि रजिस्ट्रेशन कधी लॅप्स होऊ देऊ नका, फी थकवून नाव कमी होऊ देऊ नका, आणि "हे पार्सल तिथे ठेव, हजार रूबल" अशी कुरिअरची कामं तर अजिबात नको. चूक झालीच, पकडले गेलातच, तर 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 आहे, अटक झाली की आपल्या दूतावासाला कळवा असं म्हणायचा तुमचा हक्क आहे. एकच वाक्य धरून ठेवायचं, इंडियन एम्बसी, दुसरं काही बोलायचं नाही. जेल वाईटच आहे, पण जेलची मुदत मोजता येते आणि तिथून दूतावासाशी बोलता येतं.

घरच्यांबरोबर निघायच्या आधी एक खूण ठरवून ठेवा. समोर कोणी उभं असताना फोनवर खरं बोलता येत नाही, हिंदी तिकडच्या एजंटांना कळते, मराठी सहसा नाही, पण भरवसा नको. "आजोबांचे गुडघे कसे आहेत" विचारलं की पासपोर्ट काढून घेतलाय, "सराफ्यात गेला होतात का" विचारलं की मला सही करायला लावताहेत, असं काहीतरी. आईला हसू येईल, येऊ द्या.

सही झालीच असेल तर

मग घरच्यांचं काम सुरू होतं, आणि पहिल्या दिवशी रडण्याआधी एक फाइल करा. पासपोर्टवरचं नाव आणि नंबर, व्हिसाची कॉपी, शेवटचा फोन कधी आणि कुठून आला, पोराने युनिटचा नंबर सांगितला असेल तर तो, सैनिकी ओळखपत्राचा किंवा कराराचा फोटो आला असेल तर तो, एजंटचे चॅट, यूपीआयचे स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंट. याच्याशिवाय कोणीही काही करू शकत नाही.

मग परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, तिथे नंबर मिळतो, आणि मॉस्कोच्या दूतावासाला मेल करताना तो नंबर लिहा. कलेक्टर ऑफिसला मंगळवारची जनसुनवाई असते तिथे अर्ज द्या, पावती घ्या. खासदाराचं पत्र मंत्रालयाला जाऊ द्या, पक्ष बघू नका या वेळी. ठाण्यात एफआयआर करा, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे आणि माणसांच्या तस्करीला 143, अर्जात "नोकरी सांगून सैन्यात भरती केलं" हे स्पष्ट लिहा, नाहीतर पैशांच्या देवाणघेवाणीचा मामला म्हणून बाजूला पडतो. ही चारही कामं एकाच आठवड्यात करा, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरं थांबवून ठेवू नका.

एजंट म्हणेल अजून दोन लाख द्या, मी सोडवून आणतो. त्याच्या हातात आता काही नाही. द्यायचे नाहीत.

व्हिडिओ व्हायरल करायचा का, हे हमखास विचारतात. 2024 मध्ये पोरांचे व्हिडिओ बाहेर आले म्हणूनच देशाला हे कळलं, ते नाकारता येत नाही. पण माझं मत असं की पोरगा अजून युनिटमध्ये असेल तर त्याचा चेहरा, जागा, कमांडरबद्दलचं बोलणं टाकू नका, त्याला तिथेच राहायचंय अजून. घरच्यांनी बोलावं, पेपरवाल्यांशी बोलावं, पोराचा व्हिडिओ दूतावासाला मेलने द्यावा.

फोन यायचा बंद झाला तर लगेच वाईटच झालंय असं नाही, पुढे नेलं की फोन काढून घेतात. पण मददवर ती तारीख अपडेट करा. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांकडून ओळख पटवायला डीएनए सॅम्पल मागितले गेलेत, मागितलं तर नाही म्हणू नका, ते दिलं म्हणजे आशा सोडली असं काही नसतं हे आईला घरातल्याच कोणीतरी समजावून सांगायला हवं.

आणि शेवटी सेटलमेंटवाला फोन येतो. घ्या भाऊ तुमचे पैसे परत, कंप्लेंट मागे घ्या, पोलिसांना सांगा गैरसमज झाला होता. पैसे परत देत असेल तर बँकेतूनच घ्या, रोख नको, आणि बदल्यात स्टॅम्पपेपरवर काहीही लिहून देऊ नका, कारण तुमचा पोरगा परत आला असेल तरी त्याच यादीतले बाकीचे अजून तिथे असू शकतात आणि केस त्यांच्याही कामाची आहे. चॅट डिलीट करू नका, आणि ज्या मोबाईलवर ते चॅट आहेत तो दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये देऊन बसू नका, आयओ म्हणजे तपास अधिकारी तो जप्तीत मागतो.